लग्नाच्या छायाचित्रणासाठी किती रक्कम बाजूला काढावी आणि ती कशी ठरवावी?

मूळ लेखन

धाकट्या बहिणीचे लग्न सात महिन्यांवर आले आहे आणि घरातल्या खर्चाची वही माझ्याकडे आहे. बाकीच्या बहुतेक रकान्यांत आकडे भरून झाले, पण छायाचित्रणाचा रकाना अजून कोराच आहे. तीन व्यावसायिक छायाचित्रकारांकडून कोटेशने आली आहेत आणि ती एकमेकांशेजारी ठेवली तरी तुलना कशाची कशाशी करायची हेच कळत नाही. पहिल्याने ‘एक पूर्ण दिवस’ असे लिहिले आहे, दुसऱ्याने ‘दोन माणसे, 10 तास, एक अल्बम’ असे, तर तिसऱ्याने ‘अमर्याद फोटो’ असे. तिसऱ्याची रक्कम सर्वांत कमी आहे आणि घरात साहजिकच त्याच्या बाजूने मत झुकते आहे.

ज्यांनी अलीकडे लग्ने केली त्यांना विचारले, तर एकूण खर्चाच्या 10 ते 15 टक्के छायाचित्रणाला ठेवावेत असे बहुतेक जण सांगतात. हा नियम मला पहिल्यापासून खटकतो आहे. समजा, 200 पाहुण्यांच्या लग्नाचा सगळा खर्च 100 भाग धरला आणि त्यातले 12 भाग छायाचित्रणाला ठेवले. पाहुणे 400 झाले की जेवण, जागा, आसनव्यवस्था यांमुळे एकूण खर्च 160 भागांवर जाऊ शकतो, आणि टक्केवारी तीच ठेवली तर छायाचित्रणाचा वाटा 19 भागांच्या वर जातो. पण छायाचित्रकाराचे काम तेवढ्याने दीडपट झाले का? समारंभ तितकेच तास चालणार आहे आणि नवरा-नवरी दोघेच आहेत. उलट, जे अगदी मोजक्या लोकांत लग्न करतात त्यांच्या हाती टक्केवारीच्या हिशोबाने इतकी लहान रक्कम उरते की तिच्यात चांगला माणूस मिळणारच नाही, आणि त्यांना मात्र छायाचित्रांची ओढ कोणापेक्षाही कमी नसते.

म्हणून मी ही रक्कम वरून खाली न उतरवता खालून वर चढवावी असे ठरवले आहे. किती तास, किती माणसे आणि शेवटी हातात काय हवे, या तीन गोष्टी आधी ठरवायच्या आणि त्यांची बेरीज जी येईल ती पाहून मग झेपते की नाही याचा विचार करायचा. ही पद्धत बरोबर आहे का, आणि काटछाट करायची वेळ आलीच तर कुठे करावी व कुठे मुळीच करू नये, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. आमच्या आईवडिलांच्या लग्नाचे एकच छायाचित्र घरात आहे आणि तेही कडेने विरत चालले आहे. बहिणीच्या बाबतीत ही गोष्ट मला नीट करायची आहे.

प्रतिसाद 1 (व्यवसायाने छायाचित्रकार)

तुमची पद्धत बरोबर आहे. टक्केवारीचा नियम आमच्या व्यवसायातही सर्रास सांगितला जातो, पण आमच्यापैकी कोणीही आपले दर त्यावरून ठरवत नाही. आम्ही तास मोजतो, आणि ग्राहकाला त्यातले निम्मेही दिसत नाहीत. म्हणून आधी ते न दिसणारे तास मांडतो.

दोन माणसांनी 10 तासांचे लग्न टिपले की साधारण 4,000 चित्रे जमा होतात. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे चित्र, सुमारे 30 एमबीची धरली तर हा साठा 120 जीबीचा होतो. घरी आल्यावर पहिले काम छाटणीचे. डोळे मिटलेली, हललेली, एकसारखी दिसणारी चित्रे बाजूला काढायची. प्रत्येक चित्रावर फक्त 5 सेकंद दिले तरी त्यात साडेपाच तास जातात. उरलेल्यांतली 600 चित्रे तयार करायची म्हटली आणि रंग, उजेड, चौकट यांसाठी प्रत्येकी सरासरी 2 मिनिटे धरली, तर 20 तास होतात. अल्बमची मांडणी आणि तुमच्याकडून आलेल्या दुरुस्त्या यांना आठ-दहा तास लागतात. आधीच्या भेटी, जागेची पाहणी, फाइलींच्या प्रती काढणे हे वेगळेच. थोडक्यात, तुम्हाला दिसणाऱ्या 10 तासांच्या मागे आमचे आणखी जवळपास 40 तास उभे असतात. कोटेशनमधली रक्कम 10 तासांनी भागून पाहिली की ती अवाच्या सवा वाटते, 50 तासांनी भागली की तिचा अर्थ लागतो.

पूर्वी खर्चाचे गणित निराळे होते. ‘120’ या नावाने मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या फिल्म रोलवर चौकोनी चित्रे घेतली तर 12 मिळत आणि 35 मिलिमीटरच्या रोलवर 36. फिल्म, धुलाई आणि कागद यांवर पैसा जाई, म्हणून किती रोल वापरले यावर हिशोब चालत असे. आज बटण दाबायला पैसे पडत नाहीत, पैसे पडतात ते निवडीला आणि चित्र तयार करण्याला. म्हणून तुमच्या तिसऱ्या कोटेशनमधल्या ‘अमर्याद फोटो’ या शब्दांना माझ्या लेखी काहीही किंमत नाही. काढलेली चित्रे कोणीही अमर्याद देऊ शकतो. तयार केलेली, म्हणजे एडिट केलेली चित्रे किती देणार, हे त्यांना लेखी विचारा आणि त्यानंतरही ते सर्वांत स्वस्त राहतात का ते पाहा.

साधनांबद्दल थोडेसे. कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरला, म्हणजे प्रत्येक चित्राला उघडझाप करणाऱ्या पडद्याला, आयुष्य असते. व्यावसायिक दर्जाच्या कॅमेऱ्यांत ते साधारण दीड लाख ते चार लाख चित्रांचे सांगितले जाते. एका कॅमेऱ्यावर लग्नामागे 2,000 चित्रे धरली तर वर्षाला 40 लग्ने करणाऱ्याची 80,000 चित्रे त्यातच संपतात. लेन्सचेही तसेच आहे. एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड जास्त उघडते. एफ 1.4 ची लेन्स एफ 2.8 च्या लेन्सपेक्षा चौपट उजेड आत घेते, आणि मंद दिव्यांच्या सभागृहात हाच फरक चेहरा स्पष्ट येण्याचा आणि न येण्याचा असतो. हे सगळे दरात धरलेले असते, जरी कोटेशनवर त्याची ओळ नसली तरी.

आता तुमच्या तीन कोटेशनांविषयी. ती आहेत तशी तोलू नका. तिघांनाही एकच प्रश्नावली पाठवा: किती माणसे येणार, किती तास, वाढीव तासाचा दर काय, तयार चित्रे किती, ती किती दिवसांत मिळणार, अल्बमचा आकार आणि पाने किती, प्रवास आणि मुक्काम धरला आहे का, आणि कर रकमेत आहे की वरून लागणार. उत्तरे आली की तीन रकाने आखा. अनेकदा स्वस्त वाटलेले कोटेशन अल्बम आणि प्रवास मिळवल्यावर मधल्याच्या बरोबरीला येते.

प्रतिसाद 2

वरच्या प्रश्नावलीत एक भर घालावीशी वाटते. संकेतस्थळावरची निवडक तीस-चाळीस चित्रे पाहून कोणालाही ठरवू नये, कारण वर्षभरातल्या चाळीस लग्नांतली ती एकेक असतात. एका लग्नाची ग्राहकाला दिलेली सगळी चित्रे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, दाखवायला सांगावीत, आणि शक्यतो ते लग्न संध्याकाळी, बंद सभागृहात झालेले असावे. भर उजेडात बागेतली चित्रे पुष्कळांची चांगली येतात.

प्रतिसाद 3

काटछाट कुठे मुळीच करू नये, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला फार महागात पडून मिळाले.

माझ्या लग्नात आम्ही एकच छायाचित्रकार ठरवला होता. त्याच्या कॅमेऱ्यात एकच मेमरी कार्ड बसत असे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितले की संध्याकाळचे कार्ड उघडत नाही. दोन ठिकाणी ते दुरुस्तीला दिले, पण काही हाती लागले नाही. सकाळची सगळी चित्रे आहेत, संध्याकाळचे एकही नाही. त्याने निम्मे पैसे निमूटपणे परत केले आणि त्याला स्वतःलाही मनापासून वाईट वाटले होते, त्यामुळे राग धरावा असे काही नव्हते. पण माझी आजी त्या संध्याकाळी शेवटची चारचौघांत आली होती, आणि त्या वेळचे तिचे एकही चित्र आमच्याकडे नाही.

तेव्हापासून जो कोणी मला विचारतो त्याला मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. कॅमेऱ्यात दोन कार्डे आहेत का आणि प्रत्येक चित्र दोन्हींवर एकाच वेळी लिहिले जाते का? त्याच रात्री, झोपण्याआधी, प्रती काढल्या जातात का? त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी ठेवली जाते का? साठवणुकीतला जुना नियम असा आहे की तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. ज्याला हा नियम पाळायचा आहे त्याला जास्तीची कार्डे आणि हार्ड डिस्का विकत घ्याव्या लागतात, आणि तो खर्च दरात येणारच. तो आनंदाने द्यावा.

प्रतिसाद 4

एवढा हिशोब करण्याची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न मला पडला आहे. आमच्याकडे 40 माणसांत तीन तासांचे लग्न झाले. मामेभावाकडे चांगला कॅमेरा होता, त्याने चित्रे काढली आणि ती आम्हाला मनापासून आवडली. सर्वांनाच व्यावसायिक माणूस लागतो असे नाही.

प्रतिसाद 5

वरील मत 40 माणसांच्या आणि तीन तासांच्या लग्नापुरते मी मान्य करते. मात्र माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मी स्वतः हे काम केले आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. दिवसभर मी पाहुणी नव्हते. ज्या क्षणी डोळे भरून येत होते त्या क्षणी मी उजेड किती आहे ते पाहत होते. पुढे दोन महिने रात्री जागून चित्रे तयार केली आणि तोवर घरून दर आठवड्याला विचारणा होत राहिली. पैसे घेतलेले नसल्यामुळे मला मुदत मागता येत नव्हती आणि त्यांना ती घालता येत नव्हती. नात्यातल्या माणसाला सांगायचेच असेल तर कामाचे तास आणि चित्रांची संख्या त्यालाही लेखी द्यावी, आणि मानधन म्हणून काही तरी अवश्य द्यावे.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रश्नावली तिघांनाही पाठवली आणि उत्तरे आली. तिसऱ्या कोटेशनमध्ये तयार चित्रे फक्त 150 निघाली, अल्बम नाही आणि येणारा माणूस एकच. म्हणजे तो स्वस्त नव्हता, त्याचे काम कमी होते. त्यात गैर काही नाही, पण घरात हे समजावून सांगायला मला आता आधार मिळाला.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. बहिणीला चित्रफीत हवी आहे आणि ती घेतली की रक्कम जवळजवळ दुप्पट होते, असे का? आणि होणाऱ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की सगळ्या रॉ फाइली मागून घ्याव्यात, म्हणजे पुढेमागे उपयोगी पडतील. हे योग्य आहे का?

प्रतिसाद 6 (प्रतिसाद 1 चा लेखक)

चित्रफितीचे आधी सांगतो. 3840 गुणिले 2160 पिक्सेलच्या, म्हणजे ज्याला 4के म्हणतात त्या दर्जाच्या चित्रणात सेकंदाला 100 मेगाबिट हा नेहमीचा वेग आहे, आणि त्या वेगाने तासाला 45 जीबी माहिती साठते. दोन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर 540 जीबी. ती सगळी कोणाला तरी पाहावी लागते. चित्र एका नजरेत कळते, पण सहा तासांचे चित्रण पाहायला जवळपास सहा तासच लागतात, त्यात दोन कॅमेऱ्यांचे जुळवणे आले, आणि मग त्यातून पाच मिनिटे निवडायची. शिवाय ध्वनी. कॅमेऱ्यातल्या मायक्रोफोनवर सभागृहाचा गोंगाट येतो, शब्द येत नाहीत. शब्द हवे असतील तर वेगळा मायक्रोफोन आणि त्याकडे लक्ष देणारा माणूस लागतो. रक्कम दुप्पट होते ती यामुळे.

माझे प्रामाणिक मत असे आहे की पैसे बेताचे असतील तर दोन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या करून घेऊ नयेत. एक पूर्ण करावी. मधला मार्ग हवा असेल तर मुख्य विधी तेवढा एका स्थिर कॅमेऱ्यावर, चांगल्या ध्वनीसह, संकलन न करता चित्रित करून घ्यावा. त्याला खर्च थोडा येतो आणि वीस वर्षांनी ऐकावेसे वाटतात ते आवाज त्यात असतात.

रॉ फाइलींविषयी मेहुण्यांचा हेतू मला समजतो, पण त्या फाइली अर्धवट काम असतात. त्या उघडायला वेगळे सॉफ्टवेअर लागते आणि त्यांचे रंग फिके दिसतात. तुम्हाला खरे मागायचे आहे ते म्हणजे तयार चित्रे पूर्ण आकाराच्या जेपीईजी फाइलींमध्ये. याचा व्यवहारी अर्थ असा: छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल हे प्रमाण धरतात. 12 गुणिले 18 इंचांचे चित्र छापायला 3600 गुणिले 5400 पिक्सेल, म्हणजे 19 मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त लागतात. काही जण फोनवर पाहण्यासाठी लहान केलेल्या, 2048 पिक्सेल रुंदीच्या फाइली देतात. त्या याच प्रमाणात सात इंचांच्याही आतच छापता येतात. भिंतीवर लावण्याचे चित्र पुढे कधी करायचे असेल तर हा फरक आजच करारात लिहून घ्या.

प्रतिसाद 7

कराराचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. माझे काम करारमदार तपासण्याचे आहे आणि या व्यवसायातले बरेच करार मी वाचले आहेत. रकमेइतकेच महत्त्व ती कधी द्यायची याला आहे. तारीख नक्की करताना एक तृतीयांश, लग्नाच्या आठवडाभर आधी एक तृतीयांश आणि उरलेली तयार चित्रे व अल्बम हाती आल्यावर, अशी विभागणी दोघांनाही न्याय्य ठरते. सगळी रक्कम आधी देऊन टाकली की अल्बम मागायला तुमच्याकडे काही उरत नाही, आणि सगळी नंतर देऊ म्हटले तर छायाचित्रकाराने ती तारीख कशाच्या भरवशावर राखून ठेवावी?

तारीख पुढे गेली तर आगाऊ रक्कम नव्या तारखेला लागू होईल का, छायाचित्रकार आजारी पडला तर त्याच्या जागी कोण येणार आणि त्याचे काम आधी पाहायला मिळेल का, फाइली त्यांच्याकडे किती महिने जपून ठेवल्या जातील, ही कलमे अनेक करारांत नसतात. ती घालून घ्यावीत. चित्रांच्या स्वामित्वहक्काचा कायदा देशादेशांत निराळा आहे, त्यामुळे आपण ती छापू शकतो, वाटू शकतो आणि छायाचित्रकार ती आपल्या जाहिरातीत वापरू शकतो की नाही, हे स्पष्ट शब्दांत असावे. बहिणीला आपली चित्रे अनोळखी लोकांपुढे जायला नको असतील तर हे तिने आधी सांगितले पाहिजे, मागाहून नव्हे.

प्रतिसाद 8

बचतीचे मार्ग कोणी लिहिले नाहीत, म्हणून माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही काय केले ते सांगते. कुटुंबाच्या सामूहिक चित्रांची यादी आम्ही महिनाभर आधी तयार केली. एक गट गोळा होऊन चित्र निघेपर्यंत तीन मिनिटे सहज जातात, म्हणजे 20 गटांना एक तास. आमची पहिली यादी 45 गटांची झाली होती. ती बसून 18 वर आणली आणि प्रत्येक गटातली माणसे बोलावून आणण्याचे काम माझ्या धाकट्या दिराला दिले. त्यामुळे वाढीव तासाचे पैसे द्यावे लागले नाहीत. आकाशातून चित्रण करणारा ड्रोन आम्ही गाळला. आमचा सगळा समारंभ छताखाली होता, आणि ज्या जागांसाठी परवानगी लागते तिथे ती काढण्याचा व्याप वेगळाच.

अल्बम मात्र गाळू नये, पुढे ढकलावा. त्याचा दर आजच कोटेशनमध्ये लिहून घ्यावा, वर्षभर तो पाळला जाईल असे कबूल करून घ्यावे आणि सवडीने करावा. लग्नानंतर लगेच निवडलेली चित्रे आणि सहा महिन्यांनी निवडलेली चित्रे वेगळी असतात. आम्ही आधी सजावटीची पुष्कळ निवडली होती, नंतर ती काढून माणसांची घातली.

धागाकर्ता

काल घरात सगळे एकत्र बसलो आणि दुसऱ्या कोटेशनवर शिक्कामोर्तब केले. छायाचित्रणाची एकूण रक्कम 100 भाग धरली तर वाटणी अशी झाली आहे. दोन छायाचित्रकार, 8 तास आणि 500 तयार चित्रे यांना 58 भाग. मुख्य विधीच्या ध्वनीसह चित्रणाला 10. एका अल्बमला 18, आणि तो वर्षाच्या आत केव्हाही करून घेण्याची मुभा लेखी मिळाली आहे. प्रवासाला 4. उरलेले 10 भाग कोणालाही न देता बाजूला ठेवले आहेत, वाढीव तास लागला किंवा दुसरी काही अडचण आली तर ते हाताशी असतील.

मूळ कोटेशन 10 तासांचे होते. गटांची यादी 22 वर आणली आणि तयारीच्या खोलीतले सकाळचे दोन तास बहिणीने स्वतःहून कमी केले. तिचे म्हणणे असे की त्या वेळी तिला फक्त आईजवळ बसायचे आहे. छायाचित्रकाराकडे दोन कार्डांचे कॅमेरे आहेत आणि चित्रांची एक प्रत ते त्याच रात्री दुसऱ्या जागी पाठवतात, हे करारात लिहून घेतले. प्रतिसाद 3 लिहिणाऱ्यांचा यासाठी मी विशेष ऋणी आहे.

प्रतिसाद 9 (प्रतिसाद 1 चा लेखक)

वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. सही करण्याआधी एवढे तपासा की ते 8 तास केव्हापासून मोजले जाणार. काही जण जागेवर पोहोचल्यापासून मोजतात, काही पहिले चित्र घेतल्यापासून, आणि साहित्य मांडायला अर्धा-पाऊण तास जातो. आमची माणसे मध्ये जेवायला बसतात तो वेळ धरला आहे की नाही, हेही विचारा. सुरुवातीची वेळ घड्याळाच्या आकड्यात लिहून घ्या. आणि सकाळचे दोन तास गेले असले तरी दुसऱ्या छायाचित्रकाराला शेवटची दहा मिनिटे त्या खोलीच्या दारापर्यंत येऊ द्या. तो आत येणार नाही, पण आई आणि बहीण दोघी बाहेर येतील ते चित्र त्याला मिळेल, आणि त्याचे वेगळे पैसे पडणार नाहीत.